फुंकणी

रात्री तात्या उठून बसले की सोप्यात झोपलेल्या आम्हा पोरांना आपोआप जाग यायची. आधी घोंगडं सरकल्याचा आवाज, मग पितळी तांब्याचा, आणि मग ती शिट्टी. तात्यांच्या छातीतली. श्वास बाहेर सोडताना वाजणारी, बारीक आणि लांबलेली. आम्ही नऊ चुलत भावंडं, वयं पाच ते पंधरा. त्या शिट्टीवरून आम्हाला पुढचं सगळं कळायचं. पहाटेपर्यंत थांबेल की नाही, काका सायकल काढून डॉक्टरांकडं पळणार का, सकाळी शाळेला जाताना घरात कुणी बोलणार का. थोरली शोभाक्का आमच्या अंगावर वाकळ ओढायची आणि दबक्या आवाजात म्हणायची, "झोपा रे. तात्यांची गाडी चढाला लागलीया."

गाडी चढाला लागणं, हा आमच्या घरातला दम्यासाठीचा शब्द. दमा हे नाव कुणी घेत नसे. नाव घेतलं की तो बळावतो, अशी आक्काची, म्हणजे आमच्या आजीची, समजूत होती.

गोष्ट १९७० ते ८० च्या दरम्यानची. पंचगंगेकाठचं गाव, ऊसपट्टा, कोल्हापूर बारा मैलांवर. घर कौलारू, सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि मागं परडं. माणसं बावीस. या बावीस माणसांचा श्वास ज्या खोलीतून जायचा, ती खोली म्हणजे स्वयंपाकघर. पहाटे चारला आक्का उठायची. चुलीतली राख ओढायची, शेणीचा तुकडा, वर काटक्या, वर उसाचं पाचट असं रचायची आणि फुंकणी तोंडाला लावायची. लोखंडी नळी, हातभर लांब. एक तोंड धुरानं काळं झालेलं, दुसरं ओठांनी घासून चांदीसारखं चकचकीत. पावसाळ्यात जळण ओलं असायचं, तेव्हा फुंकून फुंकून आक्काच्या कपाळावरच्या शिरा टरारायच्या. धूर उठायचा, कौलांखाली साचायचा आणि मग सावकाश खाली उतरायचा. छपरात एक काचेचं कौल होतं. सकाळी त्यातून उन्हाचा खांब खाली यायचा आणि त्या खांबात धूर वळत राहायचा. आम्ही तो पकडायला हात घालायचो.

चुलीवर भाकरी, वैलावर आमटी, आणि न्हाणीतल्या चुलाण्यावर बावीस माणसांच्या आंघोळीचं पाणी. हे सगळं आक्का, तिच्या तीन सुना आणि लग्न होईपर्यंत सुमनआत्या यांच्या श्वासावर चालायचं. श्वासावर म्हणजे अगदी शब्दशः. फुंकणीतून जाणारी हवा त्यांच्याच छातीतली होती. आणि फुंकून झालं की रिकाम्या छातीनं ओढलेला पहिला श्वास त्याच धुरातला असायचा. पाळणाही तिथंच, नजरेसमोर म्हणून चुलीपासून चार हातांवर टांगलेला. बाळंतिणीला आणि बाळाला ओव्याची, बाळंतशोपेची धुरी द्यायचे. आम्हा नऊही जणांच्या फुप्फुसांनी जगातला पहिला वास घेतला तो धुराचा. आम्हाला तो आईचा वास वाटायचा. अजूनही वाटतो.

तात्यांचा दमा मात्र साऱ्या घराला माहीत होता, कारण तो आवाज करायचा. तात्या म्हणजे आमचे थोरले चुलते, प्राथमिक शाळेतले मास्तर. वयाच्या आठव्या वर्षापासून दम्याचे. त्यांच्यासाठी घरानं काय नाही केलं? परड्यातल्या अडुळशाची पानं भाजून मधातून रस. दिवाळीच्या आधी कोजागरीला रात्रभर चांदण्यात ठेवलेली खीर, तिच्यात कुणा वैदूनं दिलेली पूड. एका मृगाला तर काका त्यांना घेऊन मिरजेहून रेल्वेनं हैदराबादला गेले. तिथं जिवंत मासा औषधासकट गिळायला देतात, आणि माळकरी माणसाला तेच औषध गुळातून मिळतं. तात्यांनी गुळातून घेतलं. परतल्यावर दीड महिना गाडी चढाला लागली नाही. आक्कानं देवाला नारळ फोडला. श्रावणात शिट्टी पुन्हा आली.

एक म्हातारे गुरव होते. ते धोतऱ्याची वाळलेली पानं चिलमीत घालून तात्यांना ओढायला लावायचे. त्यानं छाती थोडी मोकळी व्हायची, पण तोंडाला कोरड पडायची, डोळ्यांपुढं धूसर व्हायचं आणि तात्या भलतंच बडबडायचे. पुढं मोठेपणी वाचताना माझ्या लक्षात आलं की गुरवबाबा एका जुन्या आणि लांबच्या वाटेवर उभे होते. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला हाच धोतरा ओढण्याचा उपाय मद्रासहून इंग्लंड-स्कॉटलंडला पोचला, आणि तिथं पुढं शंभर-सव्वाशे वर्षं दम्याच्या सिगारेटी विकल्या गेल्या. धोतऱ्यातलं द्रव्य श्वासनळी आवळणारा मज्जातंतूंचा निरोप अडवतं. पण ते सगळ्या अंगात भिनतं, म्हणून विषही ठरतं. १९७० च्या दशकात इप्राट्रोपियम आलं. त्यानं तोच निरोप अडवला, पण फुप्फुसातल्या फुप्फुसात. २००० नंतर आलेल्या टायोट्रोपियमचा परिणाम तर एका मात्रेत पूर्ण दिवस टिकतो. अडुळशाचंही तसंच. त्यातल्या व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्सिन बनवलं गेलं, आणि खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर ते नाव आजही छापलेलं असतं. आमच्या परड्यात दोन्ही झाडं होती. त्यांच्यातलं औषध आणि विष वेगळं करायला मात्र जगाला दीडशे वर्षं लागली.

रात्री डॉक्टर यायचे ते चामड्याची बॅग घेऊन. स्टोव्हवर काचेची सिरिंज उकळायची, आम्ही दाराच्या फटीतून बघायचो. ॲड्रिनलिनचं इंजेक्शन दिलं की तात्यांचे हात थरथरायचे, छाती धडधडायची, पण शिट्टी उतरायची. कधी शिरेतून अगदी सावकाश ॲमिनोफायलिन. मग रोज डेरिफायलिनच्या गोळ्या. हे सगळे उपाय आवळलेली नळी सैल करण्याचे होते. नळी मुळात आवळते का, हे आमच्या घरात कुणी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर जगालाही ते नीट उमगलेलं नव्हतं. दमा हा मनाचा, हळव्या स्वभावाचा आजार आहे, असं शिकलेली माणसंसुद्धा म्हणायची. "मास्तर, काळजी फार करता तुम्ही," असं ऐकून तात्या मान खाली घालायचे. श्वास अडकलेल्या माणसाला आपल्याच स्वभावाची लाज वाटावी, याहून मोठा अन्याय कुठला?

पंपाची गोष्ट आमच्या घरात आली ती बरीच उशिरा. तिकडं अमेरिकेत १९५५ साली एका औषध कंपनीच्या प्रमुखाच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीनं वडिलांना विचारलं होतं, केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखं माझं औषध डब्यात का नाही भरत? तोवर रबरी फुगा दाबून काचेच्या नळीतून औषध ओढावं लागे, आणि ती काच फुटत असे. त्या प्रश्नातून पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, मोजून मात्रा सोडणारा पहिला पंप बाजारात आला. १९६९ मध्ये सालब्युटामॉल आलं. छाती धडधडवण्याचं प्रमाण कमी ठेवून ते नळी मोकळी करायचं. १९७२ मध्ये स्टेरॉइड पंपातून देता येऊ लागलं. म्हणजे आम्ही वाकळीखाली शिट्टी मोजत होतो, तेव्हा या गोष्टी जगात होत्या. आमच्या गावापर्यंतचा बारा मैलांचा रस्ता त्यांना फार लांब पडला.

१९८४ च्या आसपास तात्यांना पंप लिहून दिला गेला, आणि घरात जणू सुतक पडलं. "पंप म्हणजे शेवटचं." "एकदा लागला की सुटत नाही." "पंप घेणारा फार दिवस काढत नाही." ही भीती अगदीच निराधार होती असंही नाही. १९६० च्या दशकात आधीच्या, जास्त तीव्र पंपांच्या वापराबरोबर इंग्लंडसारख्या काही देशांत दम्याचे मृत्यू वाढले होते, आणि ती दहशत औषध बदललं तरी मागं राहिली. तात्यांनी पंप कपाटात ठेवला आणि गोळ्याच घेत राहिले. पुढं एका तरुण डॉक्टरांनी त्यांना हिशेब मांडून दाखवला. "मास्तर, सालब्युटामॉलची गोळी चार मिलिग्रॅमची. पंपाचा एक झोत शंभर मायक्रोग्रॅम. म्हणजे गोळीत चाळीस झोत. आता सांगा, जास्त औषध कशात?" तात्या गणिताचे मास्तर. हिशेब त्यांना पटला. त्या दिवसापासून पंप सदऱ्याच्या खिशात आला.

त्याच डॉक्टरांनी कागदावर दोन वर्तुळं काढली होती. ती मला अजून आठवतात. एक पातळ भिंतीचं, एक जाड भिंतीचं. "दम्यात नळी फक्त आवळत नाही, ती आतून सुजलेली असते. झटका नसतानाही सुजलेली असते." दुर्बीण घालून श्वासनळीच्या अस्तराचे तुकडे तपासणं १९८० च्या दशकात होऊ लागलं, आणि सौम्य दम्यातही सूज सापडली. सगळी विद्या तिथं वळली. झटका आला की मोकळं करणारं औषध एवढंच पुरेसं नाही, सूज रोज आवरणारं औषध हवं. तात्यांनी रोज सकाळ-संध्याकाळ स्टेरॉइडचा पंप घेऊन चूळ भरायला सुरुवात केली. दोन महिन्यांनी एका सकाळी त्यांची बायको, आमची थोरली काकी, स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "काल ते आडवे झोपले." एवढंच वाक्य. तिन्ही जावा एकमेकींकडं बघत राहिल्या. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, आणि त्या वर्षांत पावसाळ्यातली एक रात्र तात्या उशांना न टेकता झोपल्याचं तिला आठवत नव्हतं.

सुमनआत्याच्या वाट्याला हे सुख आलं नाही. तिलाही दमा होता, पण ती मुलगी होती. मुलीचा दमा सांगायचा नसतो. स्थळ बघायला पाहुणे आले, तेव्हा तिला आदल्या रात्रीपासून गोळ्या देऊन ठेवल्या होत्या. सासरी गेल्यावर तिनं आपलं औषध तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं. खोकला आला की परसात जायची. दम लागला की ओट्याला धरून उभी राहायची आणि कुणी विचारलं तर पाठीत उसण भरली म्हणायची. तिनंच हे आम्हाला सांगितलं, कितीतरी वर्षांनी, हसत हसत. आम्ही कुणी हसलो नाही. आपल्याकडं आजारानं जेवढी माणसं थकली, त्याहून जास्त ती आजार लपवून थकली.

पण तात्यांचा आणि आत्याचा आजार निदान आजार तरी मानला गेला. आक्काचा कधीच नाही.

आक्का खोकायची. सकाळी उठल्यावर अर्धा तास, हे घराच्या आवाजांपैकीच एक होतं, कोंबड्यासारखं, रहाटासारखं. साठीनंतर ती परड्यातून पाणी आणताना दोनदा थांबायला लागली. मग जात्याशी बसली की धाप. मग वेणी घालताना धाप. चुलीपुढं दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, पुढं झुकून ती बसायची. ती बसण्याची तऱ्हा आम्हाला तिची ढब वाटायची. आज कळतं की श्वास न पुरणारा माणूस जगात कुठंही तसाच बसतो, खांद्याचे स्नायू श्वासाच्या कामाला लागावेत म्हणून. शेवटी पाय सुजले, ओठ निळसर झाले. "वय झालं," सगळे म्हणायचे. तीही म्हणायची. तिचं वय तेव्हा ६७ होतं.

तिला एकदा शहरातल्या एका दवाखान्यात नेलं होतं. त्यांनी विचारलं, "विडी ओढता? तपकीर? मिश्री?" ती मिश्री लावायची, तेवढंच. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नाहीत, तरी क्षय असेल म्हणून औषधं सुरू झाली. चार महिने तिचं ताट-वाटी वेगळं. आम्हा पोरांना तिच्या कुशीत झोपायची बंदी. तिनं एका शब्दानं तक्रार केली नाही, फक्त रात्री आमच्याकडं पाठ करून झोपायची, तिचा खोकला आमच्या अंगावर येऊ नये म्हणून. १९८७ च्या पावसाळ्यात आक्का गेली. श्वास कमी पडलेल्या अशा रुग्णाला दिवसातले पंधरा तास प्राणवायू दिला तर आयुष्य वाढतं, हे १९८० आणि १९८१ मध्ये दोन मोठ्या अभ्यासांनी दाखवून दिलं होतं. आमच्या पंचक्रोशीत तेव्हा प्राणवायू फक्त ऑपरेशनच्या टेबलाजवळ होता. मी कुणाला दोष देत नाही. पण आकडे वाचले की ती पाठ डोळ्यांसमोर येते.

त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी, २०१३ साली, मी धाकट्या काकीला कोल्हापूरला एका छातीच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो. काकीला जिना चढवत नव्हता. सकाळचा खोकला आक्कासारखाच. तिच्याही तोंडात तेच उत्तर होतं, "वय झालं की रे." डॉक्टर बाई होत्या, चाळिशीच्या. त्यांनी विडी विचारली नाही. नाडी धरली, नखं बघितली आणि विचारलं, "मावशी, चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केलात?"

काकी गोंधळली. दवाखान्यात चुलीचं काय काम? "लगीन झाल्यापास्नं. सोळाव्या वर्षी आले मी या घरात. गॅस आला तरी भाकरी चुलीवरच हुती, पाणी चुलीवरच."

"आणि दिवसातले किती तास?"

"तास कोण मोजतंय बाई. पहाटंचं चार, सांजंचं तीन."

बाईंनी कागदावर लिहिलं, सात गुणिले अडतीस. दोनशे सहासष्ट. म्हणाल्या, "सिगारेटवाल्याच्या सिगारेटी मोजतात ना, तसे आम्ही चुलीपुढचे तास मोजतो."

मी त्या आकड्याकडं बघत राहिलो. आमच्या घरातल्या बायकांनी चुलीपुढं घालवलेले तास कुणी मोजण्यासारखे असतात, हे मला पन्नाशीजवळ कळत होतं. आक्काला हा एक प्रश्न कुणी विचारला असता तर!

मग काकीच्या नाकाला चिमटा लावला आणि हातात एक नळी दिली. "खोल श्वास घ्या मावशी, आणि फुंका. जोरात. फुंका, फुंका, फुंका, थांबू नका, अजून, अजून!" ही स्पायरोमेट्री. श्वास मोजायचं यंत्र जॉन हचिन्सन नावाच्या डॉक्टरानं लंडनमध्ये १८४० च्या दशकात बनवलं. बाकीच्या अंगाची मापं घराघरांत पोचली, ताप मोजतो, रक्तदाब मोजतो, साखर मोजतो, पण श्वासाचं हे माप अजून दाराशीच थांबलंय. छातीतली सगळी हवा फुंकली तर तिच्यातली किती पहिल्या सेकंदात बाहेर येते, हे ते सांगतं. सत्तर टक्क्यांच्या खाली आली तर वाट अडलेली. काकीची निम्मी येत होती. सालब्युटामॉल देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावलं, आकडा जेमतेम हलला. दम्यात तो सहसा उसळतो. इथं नळ्या कायमच्या आखडल्या होत्या. आजाराचं नाव सीओपीडी. सिगारेटवाल्यांचा म्हणून जगानं ओळखलेला आजार, आयुष्यात विडीला हात न लावलेल्या माझ्या काकीला.

काकी ती नळी परत देताना म्हणाली, "फुंकणीच की ही." बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हो मावशी. त्या फुंकणीचा हिशेब ही फुंकणी सांगते."

हा हिशेब जगालाही उशिराच मांडता आला. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलेल्या लेखानं ही बाजू ठळकपणे समोर आणली. जगात सिगारेट-विडी ओढणारे सुमारे शंभर कोटी, आणि लाकूड-शेणींच्या धुरात जगणारे सुमारे तीनशे कोटी. या आजाराच्या रुग्णांतल्या पंचवीस ते पंचेचाळीस टक्के लोकांनी कधी धूम्रपान केलेलंच नाही. आपल्या देशात १९९० साली याचे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते, ते २०१६ मध्ये ५ कोटी ५३ लाख झाले. या आकड्यात आमची आक्का नाही, ती आधीच गेली होती. पण तिच्यासारख्या किती जणी "वय झालं" म्हणत त्यात बसल्या असतील, याचा विचार केला की ते कोटी मला माणसांसारखे दिसायला लागतात, गुडघ्यांवर हात रोवून बसलेले.

काकीला औषध सुरू झालं. रोज एक कॅप्सूल, ती यंत्रात घालून ओढायची. टायोट्रोपियम. गुरवबाबांच्या चिलमीतून निघालेली वाट अशी आमच्याच घरात परत आली. शिवाय फ्लूची लस, न्यूमोनियाची लस, आणि चालण्याचे व्यायाम. व्यायाम शिकवणारी मुलगी विशीतली होती. ती म्हणाली, "आजी, ओठांचा चंबू करायचा आणि हळू फुंकर सोडायची. पुढं दिवा आहे समजा. ज्योत हलली पाहिजे, विझता कामा नये." अशा श्वासानं नळ्या मिटत नाहीत, आत अडकलेली शिळी हवा बाहेर पडायला वेळ मिळतो. काकीनं एकदाच केलं आणि मुलगी बघतच राहिली. काकी म्हणाली, "हे मला येतंय गं. विस्तव असाच फुलवायचा असतोय. जोरात फुंकलं की राख डोळ्यात." ज्या श्वासानं तिची छाती अडतीस वर्षं जळली, त्याच श्वासाची कला आता तिला तारत होती.

त्या वर्षी दिवाळीला आम्ही भावंडं जमलो, तेव्हा सगळ्यांनी एकदा तपासून घ्यायचं ठरवलं. नऊ जण, कुणाला विडी-सिगारेटचं व्यसन नाही. तिघांची फुंक वयाच्या मानानं कमी भरली. माझी त्यांतलीच एक. माणसाची फुप्फुसं जन्मापासून विशीपर्यंत वाढत राहतात आणि पुढं सावकाश उतरणीला लागतात. वाढीच्या वयात ती पूर्ण भरलीच नाहीत, तर उतरण लवकर तळाला पोचते. २०१५ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की सीओपीडीच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांची फुप्फुसं तरुणपणीच कमी भरलेली होती. चुलीपासून चार हातांवरचा तो पाळणा मला तेव्हा आठवला. त्यात दोष त्या बायकांचा नव्हता. पोर नजरेसमोर असावं एवढीच त्यांची इच्छा होती, आणि धुरापासून लांब अशी दुसरी जागा त्यांना कुणी दिलीच नव्हती.

आता घरात चूल नाही. गावात अजून आहे. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, दारोदार सिलिंडर पोचले, तरी दुसरी टाकी महाग पडते म्हणून पाणी अजून चुलाण्यावर तापतं. गॅस असलेल्या घरातही रात्री खोली बंद करून मच्छर-अगरबत्ती लावतात. त्या एका वेटोळ्यातून ७५ ते १३७ सिगारेटींइतका सूक्ष्म कणांचा धूर निघतो, हे मोजलं गेलंय. मी कुठल्याही घरी गेलो की ते वेटोळं शोधतो. भाच्या वैतागतात. वैतागू देत.

दम्याची विद्याही तात्यांच्या वर्तुळांच्या पुढं गेली. सूज एकाच जातीची नसते, हे कळलं. कुणात ॲलर्जीची, कुणात रक्तातल्या विशिष्ट पांढऱ्या पेशींची. १९६० च्या दशकात शोधलेल्या आयजीई या प्रथिनाला धरून ठेवणारं पहिलं जैविक इंजेक्शन २००३ मध्ये आलं, त्यापाठोपाठ पेशी आवरणारी आली, आणि २०२४ मध्ये असं एक इंजेक्शन सीओपीडीच्या काही रुग्णांसाठीही मान्य झालं. ती फार महाग आहेत, आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरची. पण बहुतेकांना त्यांची गरजच पडत नाही, नेमानं घेतलेला साधा पंप पुरतो. २०१९ पासून तर जागतिक मार्गदर्शनच सांगतं की दम्यात नुसत्या मोकळं करणाऱ्या पंपावर राहू नका, सूज आवरणारं औषध सोबत हवंच. तात्या हे १९९० पासून पाळत होते. ते ८१ वर्षं जगले, आणि शेवटची बरीच वर्षं आडवे झोपले.

गेल्या मे महिन्यात आम्ही पुन्हा जुन्या घरी जमलो. काकी आता ऐंशीची. जिना टाळते, पण अंगणात रोज वीस चकरा मारते. तात्यांच्या पणतवाला, सात वर्षांच्या, दमा आहे. त्याच्या शाळेच्या दप्तरात पंप आणि प्लास्टिकची पोकळ नळी राजरोस असते, आणि वर्गातल्या सगळ्यांना ते माहीत असतं. सुमनआत्या ते दप्तर बराच वेळ हातात घेऊन बसली होती.

संध्याकाळी पोरांनी अंगणात कबड्डीची रेघ मारली. तात्यांचा पणतू धावत काकीकडं आला. तिनं पंप हलवला, नळीला जोडला, एक झोत दिला आणि त्याची हनुवटी बोटांनी वर धरली. पोरानं श्वास रोखला. डोळे मोठे, गाल फुगलेले. काकी त्याच्यासाठी मोजायला लागली, भाकऱ्या मोजायची तशी, सावकाश, एकावर एक ठेवत. एक. दोन. तीन. आम्ही सगळे आपोआप थांबलो, सुमनआत्याही. आठ. नऊ. धा.

"सोड आता," काकी म्हणाली, आणि तो पळाला.